तुरा लाल करणारी बाटली: टॉनिकं, फवारण्या, मलमं आणि एका टायमरचं परीक्षण

कोंबड्यांसाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या वेष्टनावर एक चित्र हमखास असतं: लालबुंद तुऱ्याची, छाती काढून उभी असलेली कोंबडी. आत टॉनिक असो, किडीवरची फवारणी असो की खाद्य, चित्र तेच. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की पाळणाऱ्याची नजर आधी तुऱ्यावर जाते, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. नजर जाते ती योग्य ठिकाणीच. घोळ होतो तो पुढे. तुरा फिका दिसला की माणूस तुऱ्याचं औषध शोधू लागतो, आणि तुऱ्याचं असं औषध मुळात नसतं.

इथे वस्तूंचे प्रकार तपासले आहेत, एखादा छाप नव्हे. घटक बहुतेक बाटल्यांत तेच ते असतात. पुढचं चित्र सोडून मागचं बारीक अक्षर वाचलं की निम्मा निकाल तिथेच लागतो.

आधी तुरा वाचायचा कसा ते पाहू, नाहीतर कुठल्याच वस्तूची पारख होणार नाही. तुरा म्हणजे जाड कातडी आणि तिच्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. लाली येते ती रक्तातून. आकार आणि टवटवी मात्र संप्रेरकांवर चालते. १८४९ साली जर्मनीत आर्नॉल्ड बर्टोल्ड यांनी कोवळे कोंबडे खच्ची केले, तेव्हा त्यांचे तुरे खुरटले. ज्यांच्या पोटात वृषण परत बसवलं त्यांचे तुरे नेहमीसारखे वाढले. कोंबडीत हे काम अंडाशयातून येणारी संप्रेरकं करतात. अंडाशय कामाला लागलं की तुरा मोठा, मऊ, ऊबदार आणि तजेलदार होतो. ते थांबलं की तुरा आक्रसतो, कोरडा पडतो, त्यावर कोंड्यासारखे पांढुरके पापुद्रे दिसू लागतात.

म्हणजे एकाच तुऱ्यावर दोन वेगळ्या खबरी असतात. तुरा भरलेला आहे पण रंग उडालाय, तर रक्ताकडे बघा: कीड, जंत, रक्ती हगवण, आतला रक्तस्राव. तुरा बारीक झालाय, फिकाही आहे, पण कोंबडी चरते, माती उकरते, दाण्यावर झेपावते, तर बहुधा तिने अंडी थांबवली आहेत, एवढंच. पीस झडण्याच्या काळात आणि खुडूक बसलेली असताना हे होणारच. आजार नाही तो. टॉनिक विकणारे या दोन्ही गोष्टी एकाच बाटलीत कोंबतात, आणि बाटलीचं अपयश तिथूनच सुरू होतं.

तुरा बघायचा तो दिवसा, सावलीत, कोंबडी शांत असताना. पाठलाग करून पकडलेल्या कोंबडीचा तुरा भीतीने क्षणभर पांढुरका पडू शकतो, आणि रात्री काठीवर झोपलेलीचा तर दिवसापेक्षा फिका दिसतोच. तुऱ्याचं पातं अंगठ्याने हलकं दाबून सोडा. पांढरा ठसा लगेच लालीने भरून यायला हवा. शंका वाटली तर खालची पापणी किंचित ओढून आतला रंग बघा आणि चोच उघडून तोंडातलाही. तुरा फिका आणि आतला भाग गुलाबी, तर घाबरू नका. तिन्ही ठिकाणी पांढरटपणा असेल तर रक्त खरंच कमी आहे. जात विसरू नका: लेगहॉर्न कोंबडीचा मोठा तुरा एका बाजूला लोळतो, ते तिचं रूपच आहे, ब्रह्माचा वाटाणा-तुरा आणि वायंडॉटचा गुलाब-तुरा डोक्याला चिकटलेला असतो, तो लहान दिसतो म्हणून कोंबडी मागे पडली असं नाही. सिल्की आणि कडकनाथ यांच्या काळपट तुऱ्यावर तर लालीची ही सगळी परीक्षा गैरलागू.

आता बाटल्या. लोह आणि ब गटातल्या जीवनसत्त्वांचं, पाण्यात घालायचं टॉनिक ही सगळ्यांत जास्त खपणारी वस्तू. अंड्यावरच्या कोंबडीचं तयार खाद्य नीट मिळत असेल तर लोह, ब-जीवनसत्त्वं आणि ड३ त्यात आधीच मिसळलेली असतात. अशा कोंबडीचं रक्त कमी झालं ते लोह कमी पडल्यामुळे क्वचितच. कोणीतरी ते पितंय किंवा आतून ते वाहून जातंय. गळक्या हौदात वरून पाणी ओतल्यासारखं ते टॉनिक. कीड मारली, जंत काढले, मग चार-पाच दिवस टॉनिक दिलं तर भरपाईला मदत होते. त्याआधी दिलं तर फक्त बाटली संपते. जास्त लोह घातल्याने तुरा जास्त लाल होत नाही, उलट जादा लोह अंगाला बाधतं.

देण्याची पद्धतही लंगडी आहे. अंड्यावरची कोंबडी साध्या हवेत दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, कडक उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. म्हणजे बाटलीवर लिटरला अमुक थेंब लिहिलं असेल तर थंडीत आणि उन्हाळ्यात एकाच कोंबडीच्या पोटात जाणारी मात्रा दुपटीने बदलते. आजारी कोंबडी तर पाण्याकडे फिरकतच नाही. टॉनिक पितात त्या धडधाकट असलेल्या. शिवाय गोड पाकातलं टॉनिक भांड्यात शेवाळी बुळबुळ धरतं आणि उन्हात जीवनसत्त्वांची ताकद कमी होते. घ्यायचंच असेल तर दिवसाला लागेल तेवढंच पाणी मिसळा, भांडं सावलीत ठेवा, चोवीस तासांनी उरलेलं ओतून भांडं घासा. चव आवडली नाही म्हणून कोंबड्या पाणी कमी पिऊ लागल्या तर अंडी लगेच घटतात, कारण कवच सोडलं तर अंड्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. आणि पाणी तोडल्यावर तुरा कसा दिसतो? मऊ, लोळलेला, मलूल. टॉनिकने तुरा उतरवण्याचा हा हुकमी मार्ग.

तरीही ‘टॉनिकने गुण आला’ असं पुष्कळजण शपथेवर सांगतात. त्यांची लबाडी नसते. पीस झडणं साधारण आठ ते बारा आठवडे चालतं. खुडूकपणा तीन आठवडे किंवा त्याहून जास्त. माणूस बाटली आणतो ती तुरा सगळ्यांत फिका झाल्यावर, म्हणजे कोंबडी आपणहून परत फिरायच्या बेतात असताना. श्रेय बाटलीला जातं. खात्री करायची तर थवा दोन भागांत ठेवा, एका भागाला टॉनिक, दुसऱ्याला साधं पाणी, खाद्य आणि उजेड दोघांना सारखा. रोज एकाच वेळी, एकाच सावलीत तुऱ्यांचे फोटो काढा आणि दोन आठवड्यांनी शेजारी ठेवून बघा. थवा लहान असेल तर एका वेळी एकच बदल करा. आज टॉनिक, उद्या नवं खाद्य, परवा जंतनाशक असा सपाटा लावला तर गुण कशाचा हे देवालाही सांगता येणार नाही.

मिरचीपूड आणि झेंडूच्या पाकळ्यांचं मिश्रणही ‘लालीसाठी’ विकलं जातं. त्यातला रंग उतरतो तो अंड्याच्या बलकात. तुऱ्याची लाली रक्ताची असल्यामुळे तिथे त्याचा संबंध नाही. बलक गडद हवा असेल तर जरूर घ्या. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, त्यामुळे ते बिनतक्रार खातात. व्हिनेगरच्या बाटलीवरही तुऱ्याचे दावे दिसतात. त्यात दम नाही, आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या भांड्यात व्हिनेगर घातलं तर मुलामा झिजून जस्त पाण्यात उतरतं.

पैसे खरे कामी येतात ते किडीवरच्या औषधात, तेही नीट वापरलं तरच. फिक्या तुऱ्यामागे बऱ्याचदा लाल माइट निघते. हा किडा दिवसा कोंबडीच्या अंगावर सापडतच नाही. तो काठीच्या टोकाला, फळ्यांच्या सांध्यात, खिळ्याच्या भोकात लपतो आणि रात्री चढून रक्त पितो. म्हणून दिवसा पिसं उलटून ‘काही नाही’ असा निर्वाळा देऊ नका. अंधार पडल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन जा आणि बसायच्या काठीच्या खालच्या बाजूने पांढरा कागद किंवा कापड घासून बघा. लाल ठिपके चिरडले तर निदान झालं. दिवसा शोधायचं तर काठी जिथे टेकते तिथे सिगारेटच्या राखेसारखी करडी भुकटी दिसते का पाहा. संध्याकाळी खुराड्यात शिरायला कोंबड्या कुरकुर करू लागल्या, अंड्यांच्या कवचावर बारीक लाल डाग दिसू लागले, तर तुरा फिका पडायच्या आधीच सावध व्हा.

औषध नेमकं इथेच फसतं. ऊबदार हवेत माइटचं एक चक्र आठवडाभरात पुरं होतं आणि बहुतेक फवारण्या अंड्यांवर चालत नाहीत. एकदा फवारून मोकळे झालात तर मेल्या त्या मोठ्या. आठवड्याने नवी फौज तयार. पद्धत अशी ठेवा: कोंबड्या बाहेर काढा, गादीचं तूस सगळं उचलून दूर न्या, काठ्या उपटून काढा, सांधे ब्रशने घासा, मग फवारा. फवारा फळीच्या तोंडावर नव्हे, भेगांच्या आत. पूर्ण वाळल्यावर नवं तूस. पाच ते सात दिवसांनी पुन्हा हेच, आणि त्यानंतर आठवड्याने तिसऱ्यांदा. रिकामं खुराडं आपोआप स्वच्छ होईल या भरवशावर राहू नका. रक्त न पिता हा किडा कित्येक महिने तग धरतो.

परमेथ्रिन असलेली औषधं किडीवर जोरकस आहेत, पण मांजरांना विषारी. खुराड्याजवळ मांजर फिरत असेल तर दुसरं काही निवडा. अंडी किती दिवस खायची नाहीत हे लेबलवर लिहिलेलं असतं आणि तो आकडा पाळायचा असतो. लेबलवर अंड्यावरच्या कोंबड्यांचा उल्लेखच नसेल तर ती बाटली परत ठेवा. गुरांचं आयव्हरमेक्टिन हे जंत-किडीवरचं औषध अंदाजाने थेंब मोजून मानेवर सोडण्याची टूम आहे; पशुवैद्याने सांगितल्याशिवाय ते करू नये, अंड्यात त्याचा अंश उतरतो. डायटोमची पांढरी माती (सूक्ष्म शैवालांच्या कवचांची भुकटी) कोरड्या भेगांत थोडीफार चालते, दमट जागी निकामी होते, आणि तिची धूळ कोंबडीच्या व आपल्याही फुप्फुसांना त्रास देते, त्यामुळे अंगावर उधळायची वस्तू ती नाही.

तुऱ्यासाठीची सगळ्यांत परिणामकारक वस्तू औषधांच्या कपाटात नसतेच. ती म्हणजे दिव्याचा साधा टायमर. दिवस लहान झाले की अंडाशय थंडावतं, तुरा आक्रसतो आणि माणूस टॉनिक आणतो. नैसर्गिक आणि कृत्रिम मिळून चौदा ते सोळा तास उजेड मिळाला, खाद्यात १६–१७ टक्के प्रथिनं असली, तर निरोगी प्रौढ कोंबडीचा तुरा काही आठवड्यांत पुन्हा भरतो. वाढीव उजेड पहाटे द्या, संध्याकाळी नव्हे. रात्री दिवा फटकन विझला तर कोंबड्या काठीवर चढायच्या आत अंधारात अडकतात. आठवड्याला अर्धा-पाऊण तास या चालीने वाढवा. रोज तेवढीच वेळ पाळा, कारण हाताने लावलेला दिवा एखाद्या दिवशी विसरला जातो आणि चार दिवस चुकलं तर पीस झडणं सुरू होऊ शकतं. टायमर घ्यायचा तो यासाठीच. दिवा जाळीत, तुसापासून आणि धुळीपासून लांब बांधा. वाढत्या वयाच्या तलंगांना, म्हणजे अजून अंडी सुरू न झालेल्या कोवळ्या कोंबड्यांना, मात्र हा उपाय नको. शरीर तयार व्हायच्या आत अंडाशय जागं झालं तर अंडं अडकणं, अंडनलिका बाहेर येणं असले प्रकार होतात. आणि पीस झडत असलेल्या कोंबडीला उजेडाने ढोसू नये, ती रजा तिची हक्काची आहे.

शिंपल्याच्या चुऱ्याचा तुऱ्याच्या रंगाशी थेट संबंध नाही, पण तुरा बघून तो कधी सुरू करायचा हे ठरतं, म्हणून या यादीत त्याला जागा. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. अंड्यावरच्या खाद्यात ते साडेतीन ते चार टक्के असतं; वाढीच्या खाद्यात एक टक्क्याच्या आसपास. तलंगांना फार लवकर अंड्यावरचं खाद्य दिलं तर जादा कॅल्शियमने मूत्रपिंड बिघडतात. संकरित जातींत अठरा-वीस आठवड्यांच्या सुमारास तुरा आणि चोचीखालचे लोंबते कल्ले फिक्या गुलाबीवरून लाल होतात, पाठीवर हात ठेवला की तलंग दबून बसते. पहिलं अंडं आता दोन-तीन आठवड्यांवर आलं. खाद्य बदलायची वेळ हीच. चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, खाद्यात कालवू नका; जिला हवा ती खाते.

यालाच जोडून, तुऱ्यावरून अंड्यांची वाढ ‘दाखवणाऱ्या’ छापील रंगतक्त्यांबद्दल. लाल रंगाच्या सहा-सात छटा आणि प्रत्येकीपुढे निष्कर्ष. छपाईची लाली आणि सकाळच्या उन्हातली लाली जुळत नाही, आणि तुऱ्याचा आकार तर तक्त्यात येतच नाही. भिंतीवर शोभेला ठीक. त्यापेक्षा हात वापरा, फुकट आहे. अंडं घालायच्या द्वाराच्या दोन्ही बाजूंना ओटीपोटाच्या हाडांची टोकं लागतात. अंड्यावरच्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन किंवा जास्त बोटं सहज बसतात आणि द्वार रुंद, ओलसर असतं. एकच बोट कसंबसं बसलं आणि द्वार कोरडं, आकसलेलं असलं तर ती सध्या घालत नाही, तुरा कितीही लाल दिसो. पिवळ्या कातडीच्या जातींत आणखी एक खूण मिळते: अंडी सुरू झाली की पिवळा रंग आधी द्वारावरून, मग डोळ्याभोवतीच्या कडेवरून, मग चोचीवरून आणि सगळ्यांत शेवटी पायांवरून उडतो. पाय पांढरे पडलेली कोंबडी चार-सहा महिने नेटाने घालते आहे. तुरा आजची बातमी देतो, पाय गेल्या हंगामाची. कोंबडी विकत घेताना दोन्ही बघणारा सहसा फसत नाही. नुसता तुरा बघणारा कधीकधी दोन वर्षांची कोंबडी तलंगेच्या भावात घेऊन येतो.

मलमांचं थोडक्यात. पेट्रोलियम जेली गोठवणाऱ्या थंडीत तुऱ्याला चोपडतात. ती नुसता लेप आहे, शेगडी नव्हे. वाऱ्यापासून थोडा आडोसा मिळतो, त्यापलीकडे नाही. तुऱ्याची टोकं काळी पडतात ती बहुधा कोंदलेल्या, ओलसर खुराड्यात, कारण श्वासाची आणि विष्ठेची वाफ तुऱ्यावर बसून गोठते. छताजवळ हवा खेळायला फट ठेवा, काठीच्या उंचीवर झोत नको. टोकं काळी झालीच तर चोळू नका, कापू नका. ती आपोआप वाळून गळतात.

निळे-जांभळे फवारे जखमेवर मारतात, रक्ताचा लाल ठिपका झाकला की बाकीच्या कोंबड्या टोचायच्या थांबतात. तेवढ्यापुरतं उत्तम. पण तुऱ्यावर मारलात तर आठवडाभर त्याचा खरा रंग तुम्हालाच दिसणार नाही, आणि काही ठिकाणी जेन्शियन व्हायोलेट (अशा फवाऱ्यांत असणारा जांभळा रंग) खाण्याच्या जनावरांना वापरायला बंदी आहे, तेव्हा घटक वाचा. काळे-तपकिरी, खरखरीत खवले तुऱ्यावर आले तर ती बहुधा देवी. विषाणूचा आजार, मलमाने बरा होत नाही, साधे खवले तीन-चार आठवड्यांत गळतात. खपली ओढून काढू नका, तिच्यात विषाणू असतो. खर्च करायचा तर डासांच्या जाळीवर आणि लसीवर. याउलट पिठासारखी पांढरी साय पसरत चालली तर बुरशीचा संशय घ्या. इथे बुरशीनाशक मलम खरंच उपयोगी पडतं, मात्र पशुवैद्याने बघितल्यावर. हातमोजे घाला, ही बुरशी माणसालाही क्वचित लागते.

राहिला निळा-जांभळा तुरा. यासाठी विकत घेण्यासारखं काहीच नाही, आणि जो विकतो त्याच्यापासून दूर राहा. रक्तात प्राणवायू पोचत नाही असा त्याचा अर्थ: हृदय, श्वासनलिका, विष किंवा कोंबड्यांच्या कॉलऱ्यासारखा, बर्ड फ्लूसारखा साथीचा रोग. एकाच कोंबडीचा असेल आणि ती तोंड उघडून धापा टाकत असेल तर तिला सावलीत, वेगळी, थंड पाण्याजवळ ठेवा आणि पशुवैद्याला बोलवा. दोन-तीन कोंबड्यांचे तुरे एकदम निळसर पडले, डोकी सुजली, एखादी अचानक मेली, तर खुराडं बंद करा, कोणाला आत-बाहेर जाऊ देऊ नका, मेलेली कोंबडी फाडून बघू नका, उघड्या हाताने उचलू नका आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवा.